वीतभर खाली

दोरी ताणल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी टिकाव उचलला नव्हता. विहिरीचं काम असो, घराचा पाया असो, नाहीतर कुणाच्या शेणखताचा खड्डा असो, आधी दोन खुंट्या, मग दोरी, मग दोरीला बोटाने एक टिचकी. टिचकीचा आवाज मनासारखा आला की मगच तो मातीला हात लावायचा. गावाने त्याला दोरीवाला हे नाव आधी थट्टेने दिलं होतं. पण त्याने खणलेला चर बघून माणसं उगाच उभी राहायला लागली, तेव्हा थट्टा मागे पडली आणि नाव राहिलं. त्याला ते नाव फार आवडायचं, पण हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावात इंटरनेटची केबल यायची होती. मोठ्या रस्त्याने मशीन चर खणत पुलापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. पुढे गावच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी शेतांचे बांध. मशीन वळेना. मग कंपनीने हातखोदाईला माणसं घेतली. नवरा-बायकोची एक जोडी, प्रत्येक जोडीला दोनशे पावलांचा तुकडा, खोली पाच फूट. मापं घ्यायला एक तरुण माणूस मोटरसायकलवरून यायचा. त्याच्या पट्ट्याला कायम टेप लटकलेली, म्हणून तो टेपवाला. मिसरूड नुकती फुटलेली, पण साठीच्या माणसालाही अरे-तुरे करायचा.

दोरीवाल्याला हे काम परमेश्वराने खास आपल्यासाठी धाडलंय असं वाटलं. कारण त्याच्या लेकीची परीक्षा.

नर्सच्या शिक्षणाला सरकारी जागा होत्या आणि त्यासाठी परीक्षा होती, ती इंटरनेटवरच. दोन वेळाच बसता येई, तिसरी संधी नाही. गेल्या वर्षी पोरगी गावामागच्या टेकडीवर मोबाईल घेऊन बसली होती, कारण गावात रेंज फक्त तिथे यायची, तीही वाऱ्याच्या लहरीवर असल्यासारखी. शंभरातला एकतिसावा प्रश्न सोडवला आणि रेंज गेली. ती मोबाईल डोक्यावर धरून टेकडीभर धावली. बाप तिच्यामागे छत्री घेऊन धावला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रेंज आली तेव्हा वेळ संपली होती. उतरताना तिने एकच सांगितलं, "मला सगळी उत्तरं येत होती, बाबा." ते त्याच्या काळजात रुतून बसलं.

या वर्षी अर्जात लिहायचं होतं, परीक्षा शहरातल्या केंद्रात देणार की गावच्या ऑफिसात, जर तिथे लाईन आली तर. पोरगी शहर लिहिणार होती. शहर म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, आदल्या दिवशी जाऊन कुणाकडे तरी राहायचं.

"कशाला कुणाच्या दारात जायचं?" दोरीवाला म्हणाला. "लाईन मी आणतोय ना? माझ्या हाताने आणतोय. गाव लिही."

"आणि नाही आली वेळेत तर?"

"आण, तुझा तो अर्ज मीच खातो मग."

पोरगी हसली आणि टेकडीवर जाऊन तिने गाव लिहिलं.

सुरुवातीचे आठ दिवस काम लोण्यासारखं चाललं. वर माती, खाली मुरूम, टिकाव नीट बसायचा. तो खणायचा, बायको घमेल्याने माती काठावर टाकायची. पोरगी बाभळीखाली बसून अभ्यास करायची. तिचं अक्षर चांगलं म्हणून टेपवाल्याने आपली खोलीची वही तिच्याकडे दिली होती. दर वीस पावलांवर खोली लिहायची. टेपवाला रोज येत नसे. बाप चरातून ओरडायचा, "पाच फूट!" आणि ती लिहायची. पहिल्या दिवशी तिने उठून टेप लावून बघितली होती, भरली पाच फूट दोन बोटं. मग तिने बघणं सोडलं.

नवव्या दिवशी टिकाव ठण्णकन वाजला आणि त्याच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या.

तुकड्याचं दुसरं टोक त्याच्या थोरल्या भावाच्या शेतालगत होतं. तिथे गुडघाभर मातीखाली काळा कातळ निघाला. एका ठिकाणी तर म्हशीच्या पाठीसारखा वर आलेला, वरून वीतभर माती काढली की दगडच. जमिनीची वाटणी झाली तेव्हा हा तुकडा थोरल्याने स्वतःहून मागून घेतला होता आणि तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. दोरीवाल्याला त्या स्थितीतही थोडं बरं वाटलं, की घे, तुझ्या वाट्याला दगड आला. पण दगड फोडायचा होता त्यालाच.

पहारीने काही होईना. त्याने घण आणला, छन्नी आणली. बायको छन्नी धरायची, तो घण घालायचा. दिवसभरात ओंजळभर कपच्या. ऊन असं की पहारीला नुसता हात लावला तरी चटका बसे. दुसऱ्या दिवशी घण निसटून बायकोच्या अंगठ्याला ओझरता लागला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि हात मांडीत दाबून झुलत राहिली.

"बघू."

"काही नाही. मारा तुम्ही."

"बघू म्हणतो ना."

नख काळंनिळं झालं होतं. त्याने पदराची चिंधी फाडून बांधली. तिने डाव्या हाताने छन्नी धरली. मग त्यालाच घण घालवेना. चार दिवसांत कातळ बारा पावलं फुटला, राहिला सत्तर पावलं, आणि बाकीच्या जोड्यांचे चर बुजायलासुद्धा लागले होते. बायका विहिरीवर बोलायच्या, दोरीवाल्याची दोरी दगडात अडकली म्हणून.

पाचव्या दिवशी टेपवाला आला. मोटरसायकल चालूच ठेवून त्याने चरात डोकावलं.

"अरे, अजून इथेच? तुझ्या एकट्यापायी सगळी लाईन अडलीय."

"साहेब, खाली कातळ आहे. ते फोडायचं मशीन पाठवतो म्हणाला होतात."

"मशीन येईल पुढच्या महिन्यात. लाईन चालू करायची पंधरा दिवसांत. तू काय करणार?" टेपवाला खाली उतरला, रुमालाने मान पुसली. "सोपं आहे रे. केबल टाक जेवढी जाईल तेवढी खाली. वरून सपाट दगड ठेव, माती ओढ. मी नंतर सिमेंट पाठवतो वर ओतायला."

"इथे वीतभरच जाते, साहेब."

"मग वीतभर. केबलला काय कळतंय?"

"आणि माप?"

"त्या तिकडचा चर उघडा आहे ना तुझा, पाच फुटाचा? तिथे काढू फोटो."

दोरीवाल्याने घाम पुसला. "असलं काम मी कधी केलं नाही."

"मग नको करूस. लाईन येईल मग कधीतरी. मला घाई नाही." टेपवाल्याने खांदे उडवले. "घाई असलेली माणसं वेगळी."

त्याने हे पोरीकडे बघून म्हटलं नव्हतं, पण दोरीवाल्याने पोरीकडे बघितलं. ती लांब बाभळीखाली ओठ हलवत काहीतरी पाठ करत होती, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर वही. परीक्षेला एकवीस दिवस होते. त्याने घण खाली ठेवला.

मग फोटो निघाले. एकाच खड्ड्याचे चार फोटो, लग्नात नवरदेवाचेही इतक्या तऱ्हेने काढत नाहीत. एकदा पहार डावीकडे ठेवली, एकदा उजवीकडे, एकदा बायकोला काठावर उभं केलं आणि एकदा तिच्या डोक्यावरचा पदर काढायला लावला, म्हणजे बाई वेगळी वाटावी. तिने पदर काढला आणि मोबाईलकडे न बघता दगडाकडे बघत राहिली. टेपवाला गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटतेय."

संध्याकाळपर्यंत केबलचा केशरी पाईप कातळावरून गेला. पहिल्यांदाच त्याने दोरी ताणली नाही. खुंटी ठोकायलाच तिथे माती नव्हती.

"बाबा!" पोरीने बाभळीखालून हाक मारली. "काकांच्या शेतालगतचं लिहायचं राहिलंय. चार ठिकाणं. किती?"

तो फावड्याने माती ओढत होता. ओढतच राहिला.

"बाबा, किती लिहू?"

"पाच फूट," तो म्हणाला. मान वर केली नाही.

तिने चार वेळा लिहिलं.

घरी जाताना ती म्हणाली, "केंद्र बदलायचं असेल तर अजून चार दिवस आहेत. आज टेकडीवर जाणार होते. जाऊ, की गावच ठेवू?"

बायको चालता चालता थबकली. दोरीवाल्याने खांद्यावरची पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"गावच ठेव," तो म्हणाला. "जमिनीच्या पोटात गेलीय ती आता. कोण हात लावतंय?"

लाईन खरंच वेळेत आली. गावच्या ऑफिसात भिंतीवर एक पांढरा डबा लागला, त्यात हिरवा दिवा. पहिले दोन दिवस माणसं नुसता तो दिवा बघून जायची. म्हातारे चप्पल बाहेर काढून आत यायचे. ऑफिसच्या कारकुनाने पोरीला सरावाला बसू दिलं. शंभर प्रश्नांची सराव परीक्षा तिने सलग सोडवली, एकदाही न थांबता, आणि तिला शहाऐंशी मिळाले. दोरीवाला खिडकीतून बघत होता. हात मातीचे म्हणून आत गेला नाही. कारकून म्हणाला, "काय दोरीवाले, पोरगी इंजेक्शन देणार म्हणा आता आम्हाला." तो लाजून हसला. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याला कातळाची आठवणसुद्धा झाली नाही. सिमेंट आलं नव्हतं आणि टेपवाला फोन उचलत नव्हता, तरीही.

परीक्षेच्या आधी तीन दिवस बायको विहिरीवरून आली ती हंडा न उतरवताच बोलली.

"ट्रॅक्टरची पाळी लागली. भाऊजींची पाळी परीक्षेच्याच दिवशी आलीय."

गावात नांगरटीचा ट्रॅक्टर एकच यायचा, आणि ज्याची पाळी त्याने त्या दिवशी नांगरून घ्यायचं. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होती ती थोरल्याची सवय. तो दरवर्षी रस्त्याकडचा बांध एक तास फोडून आत घ्यायचा. एक तास म्हणजे नांगराची एक रेघ. गावाला माहीत होतं, पण बोलायचं कोण? त्याच्या जिभेला धार होती. दहा वर्षांत रस्ता बैलगाडीच्या रुंदीवरून मोटरसायकलच्या रुंदीवर आला होता. आणि यंदाची रेघ नेमकी केबलवरून जाणार होती.

"सांगून या," बायको म्हणाली.

"काय सांगू?"

"जे आहे ते. वीतभर खाली आहे म्हणावं, तिथे नांगर घालू नका."

"आणि तो गावभर करेल. दोरीवाल्याने वीतभर खणून पाच फूट सांगितलं म्हणून. उद्या कोण बोलावेल मला पाया खणायला?"

"पोरीची परीक्षा आहे हो."

"ठाऊक आहे मला!"

तो इतक्या जोरात ओरडला की आतून पोरगी बाहेर आली. "काय झालं?" "काही नाही," दोघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थोरल्याच्या दारात गेला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. थोरला ओट्यावर बसून दाढी करत होता, आरसा खिडकीच्या गजाला टेकवलेला. वहिनी दारात आली, दिराला बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि आत वळून म्हणाली, "पाणी आणते." थोरला आरशातच म्हणाला, "आणायचं असेल तर आण." त्यावरून वहिनीला काय समजायचं ते समजलं. ती परत आली नाही.

दोरीवाला उभाच राहिला.

"दादा, परवा नांगरट आहे म्हणे तुझी."

"हो. का?"

"रस्त्याकडून... जरा आत ठेवशील का यंदा? एक-दोन हात."

वस्तरा गालावर थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे बांध सोडून."

"म्हणजे मी बांध फोडतो? रस्ता खातो?" थोरला वळला. अर्ध्या तोंडावर फेस. "गावाने म्हणावं, ठीक आहे. तू माझ्या दारात येऊन मला चोर म्हणतोस?"

"मी चोर कुठे म्हणालो, दादा?"

"मग काय म्हणालास? बोल. काय कारण आहे? बोल ना!"

कारण त्याच्या जिभेवर होतं. सत्तर पावलं कातळ, वीतभर माती, एवढं बोलायचं होतं. शेजारच्या ओट्यावर दोन माणसं येऊन बसली होती, उगाच चुन्याची डबी उघडत. त्यांतल्या एकाच्या घराचा पाया दोरीवाल्यानेच खणला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "रस्ता अरुंद झालाय, म्हणून म्हटलं."

"चालता हो," थोरला म्हणाला आणि पुन्हा आरशाकडे वळला. "आणि ऐक. माझं शेत मी कसं नांगरायचं ते तू येऊन सांगू नकोस. यंदा एकाच्या जागी दोन तास घेतो. काय करायचं ते कर."

घरी बायकोने नुसतं तोंडाकडे बघितलं. "सांगितलं," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. तिने पुढे विचारलं नाही.

परीक्षा दहा ते बारा. पोरगी नऊलाच धुतलेले कपडे घालून निघाली. आईने केस विंचरून घट्ट वेणी घातली होती. ती बापाच्या पाया पडल्यावर तो म्हणाला, "घाई करू नकोस. एकेक प्रश्न." आणि ती ऑफिसकडे वळली तसा तो उलट दिशेला, थोरल्याच्या शेताकडे गेला.

त्याने मनाशी हिशेब बांधला होता. ट्रॅक्टर नेहमी विहिरीकडच्या बाजूने सुरू करतो, रस्त्याकडे यायला दुपार होते. बारापर्यंत काही भीती नाही. तरी नजर असलेली बरी, म्हणून तो बांधावर जाऊन उभा राहिला, बरोबर म्हशीच्या पाठीवर. पायाखाली वीतभर माती, तिच्याखाली केबल, आणि त्या केबलमधून या घटकेला पोरीचे प्रश्न येत असतील, असं त्याच्या मनात आलं. त्याने नकळत पाय हलके ठेवले.

ट्रॅक्टर खरंच विहिरीकडून सुरू झाला होता. दोन रेघा झाल्या. मग थोरल्याने बांधावर उभा असलेला भाऊ बघितला. हात कपाळावर धरून नीट बघितला. पहारेकरी ठेवल्यासारखा तो तिथे उभा, आणि रस्त्याने जाणारी येणारी माणसं बघून हसत होती. थोरला चालकापाशी गेला, हाताने रस्त्याकडे दाखवलं. ट्रॅक्टर वळला आणि आडवा शेत कापत सरळ बांधाकडे आला.

दोरीवाला दोन्ही हात पसरून पुढे धावला.

"दादा, थांबव! थांबव त्याला!"

ट्रॅक्टर थांबला. इंजिन धडधडत राहिलं. थोरला बाजूने चालत आला. मागे त्याचे दोन मजूर, चालक वरून बघतोय.

"आता काय?"

"खाली केबल आहे, दादा."

"गावाला माहीत आहे केबल आहे. पाच फुटावर आहे. तुझ्याच पोरीने लिहिलंय, ऑफिसात वही बघितली मी कालच." थोरला नांगराकडे बोट दाखवत हसला. "हा फाळ जातो हातभर. पाच फुटाला काय होतंय? का नाही पाच फूट?"

मजूर बघत होते. चालक बघत होता. दोरीवाल्याने तोंड उघडलं. त्याला वाटलं आपण बोललो. ओठ हलले असतील, पण शब्द बाहेर पडला नाही. वीतभर. एवढा एकच शब्द होता. पाच आकडे मोजायला लागतो तेवढा वेळ तो नुसता उभा राहिला.

"चल रे," थोरला चालकाला म्हणाला.

फाळ जमिनीत बसला. ट्रॅक्टर हलला.

"वीतभर आहे, दादा! वीतभरच आहे! कातळ आहे खाली!" आता तो घसा फाडून ओरडत होता, पण आता इंजिन त्याच्याहून मोठ्याने ओरडत होतं. तो चाकापुढे जायला धावला, मजुराने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, मरायचं आहे का म्हणून. फाळ कातळावर घासला, कर्रर्र असा आवाज झाला, सपाट दगड उलटे होऊन वर आले आणि त्यांच्यामागून केशरी पाईप, आतड्यासारखा ओढला जाऊन तटकन तुटला.

चालकाने ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं.

थोरला खाली वाकला. त्याने पाईपाचं टोक हातात घेतलं, मग उकरलेल्या मातीकडे बघितलं, मग कातळावर हात पालथा ठेवून अंगठा आणि करंगळी ताणून बघितली. भावाकडे बघितलं. शिवी देणार होता, पण दिली नाही.

"परवा दारात आला होतास," तो हळू म्हणाला. "एवढंच बोलायचं होतं ना?"

दोरीवाला ऑफिसकडे धावत सुटला. का धावतोय हे त्याला याही वेळी ठाऊक नव्हतं.

पोरगी खुर्चीत ताठ बसली होती. पडद्यावर एक छोटं वर्तुळ गरगरत होतं. भिंतीवरच्या डब्यातला दिवा लाल झालेला. कारकून कधी डबा बंद करायचा, कधी चालू करायचा, कधी वायरीला फुंकर मारायचा.

"येईल," तो म्हणत होता. "येईल. मध्येच जाते कधी कधी."

"बाविसाव्यावर आहे," पोरगी म्हणाली, तिने बापाला खिडकीत बघितलं नव्हतं. "लवकर आली तरी होईल पूर्ण. माझा वेग आहे."

अकरा वाजले. साडेअकरा. तिने उंदरासारख्या त्या यंत्रावरचा हात काढला नाही. बारा वाजता कारकुनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिने तो अलगद बाजूला केला आणि आणखी दहा मिनिटं बसून राहिली. वर्तुळ गरगरतच होतं. मग ती उठली, खुर्ची जागेवर सरकवली, बाहेर आली आणि बापाला ओलांडून घरी गेली. दोरीवाला तिच्यामागून चालला, दहा पावलं अंतर ठेवून. जवळ जायची हिंमत झाली नाही.

गावाने थोरल्याला शिव्या घातल्या. रस्ताखाऊ, आता पोरीचं नशीबही खाल्लं म्हणून. विहिरीवर वहिनीला बायका जागा देईनात. थोरल्याने नांगराच्या रेघा तशाच टाकल्या, घरात बसून राहिला, आणि वीतभर ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याच्या मजुरांनाही त्याने दम भरला असावा. दोरीवाला रोज वाट बघायचा की आज सांगेल, आज फुटेल. फुटलं नाही. भावाने आपली इतकी लाज राखावी, हे त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं. तो जेवताना मान वर करत नसे. पोरगी आईबरोबर निंदणीला जायला लागली. पुस्तकं तिने फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली, रडणं नाही, आदळआपट नाही. एकदा टाहो फोडून रडली असती तर घर मोकळं झालं असतं.

अकराव्या दिवशी टेपवाला आला. बरोबर केबल जोडणारे दोघं जण. दोरीवाल्याला आणि वहीत लिहायला पोरीला बोलावणं आलं. थोरलाही येऊन बांधावर उभा राहिला, कारण त्याच्या शेतात काम होतं. रस्त्याने चार-सहा माणसं जमली.

जोडणाऱ्यांनी तंबूसारखं कापड लावून दुपारपर्यंत केबल जोडली. मग पाईप परत कातळावर ठेवला आणि दोरीवाल्याने त्यावर माती ओढायला फावडं उचललं. पोरगी काठावर उभी होती. ती प्रथमच इतक्या जवळ आली होती. तिने उघड्या कातळाकडे बघितलं, पाईपाकडे बघितलं, मग बापाच्या हातातल्या फावड्याकडे. मग बसली, हात खाली घातला आणि मातीच्या कडेला वीत लावून बघितली. तिची वीत लहान होती, तरी पुरून उरली.

"लिही," टेपवाला म्हणाला. "दुरुस्ती. कारण, शेतकऱ्याचा नांगर. खोली पाच फूट."

तिने वही मांडीवर घेतली, तारीख लिहिली, कारण लिहिलं. पेन थांबलं.

"किती लिहू, बाबा?"

"अगं पाच फूट, सांगितलं ना," टेपवाला म्हणाला.

ती बापाकडेच बघत होती. थोरला बांधावरून बघत होता. ज्याच्या घराचा पाया खणला तो माणूस बघत होता.

"वीत," दोरीवाला म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "एक वीत. पहिल्यापासून वीतच होती. मीच ठेवली."

कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं. पोरीने लिहिलं, एक वीत. तिच्या त्या चांगल्या अक्षरात.

टेपवाल्याने वही तिच्या हातातून घेतली, पान टरकावलं, चुरगाळून खिशात घातलं. "लाईन चालू झालीय ना? मग झालं तर. आणि तू, उद्यापासून कामावर दिसायचं नाही." त्याने मोटरसायकलला लाथ मारली. जोडणारे मागच्या गाडीवर बसून गेले. जमलेली माणसं एकेक करून पांगली, जाताना दोरीवाल्याकडे न बघता, जणू तो रस्त्यावर नव्हताच. थोरला शेवटी गेला. जाताना म्हणाला, "बूज ते, कुत्री उकरतील," आणि त्यात राग नव्हता.

दोरीवाल्याने माती ओढली. फावडं, पहार, घमेलं गोळा केलं. दोरीची गुंडाळी घमेल्यात होती, ती त्या दिवशी सोडलीच नव्हती. पोरगी थांबली होती. दोघं घराकडे चालू लागली. या वेळी ती पुढे गेली नाही, बरोबरीने चालली. त्यामुळे त्याला जरा धीर आला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्यासाठीच घाई केली गं. लाईन वेळेत यावी म्हणून."

ऑफिसवरून जाताना उघड्या दारातून भिंतीवरचा डबा दिसला. दिवा पुन्हा हिरवा झाला होता.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा," ती म्हणाली. "किती लिहू म्हणून. तुम्ही वीत म्हणाला असतात ना, तर मी त्याच संध्याकाळी टेकडीवर जाऊन शहर लिहिलं असतं. चार दिवस होते."

तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्याला रस्ता सांगावा तसं तिने सांगितलं. मग त्याच्या डोक्यावरचं घमेलं तिने काढून आपल्या डोक्यावर घेतलं, कारण पहार आणि घमेलं दोन्ही त्याला जड जात होतं, आणि ती घराकडे चालत राहिली.